घरात आजी आणि नातू, दोघंच

जेऊरकर मंडळी, दिग्दर्शक नागराज मंजुळे ज्या गावचे, त्या गावात येऊन पडद्याविषयी बोलणं हे धाडसच. म्हणून आज मोठा पडदा जरा बाजूला. विषय घरातल्या टीव्हीचा, आणि एकट्यानं बघताना घाम फोडणाऱ्या एका जुन्या भागाचा.

अमेरिकेत 14 फेब्रुवारी 1986 रोजी 'द ट्वायलाइट झोन' मालिकेत 'ग्रॅमा' ही गोष्ट दाखवली गेली. मूळ कथा स्टीफन किंगची, 1984 सालची. पटकथा हार्लन एलिसनची. थोरला भाऊ दवाखान्यात, आई त्याच्याकडे निघालेली, धाकटा जॉर्ज घरी. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली अवाढव्य आजी. बस्स, एवढंच. सगळा भार बॅरेट ऑलिव्हर या पोरावर. त्याच्या मनात चाललेलं आपल्याला ऐकू येतं. आजी मात्र बराच वेळ नीट दिसतही नाही.

थिएटरात भीती वाटून घेता येते. कुणी हसतं, कुणी शिट्टी मारतं. टीव्ही एकट्यानं बघणाऱ्याच्या मागेच एक आतली खोली असते, अर्धवट लोटलेलं दार असतं. टीव्ही बंद केला, तरी ती खोली काही बंद होत नाही.

ही गोष्ट मराठीत आणली भयकथाकार नारायण धारपांनी. (किंगच्याच 'सेलम्स लॉट'वरून त्यांची 'लुचाई' आली.) 'आजी' ही त्यांची कथा आपल्याकडे जास्त झोंबते, त्याला कारण आहे. आपल्या घरात आजी असली की पोर एकटं आहे असं कुणी म्हणतच नाही. भुताची गोष्ट सांगणारी तीच, आणि घाबरल्यावर अंगारा लावून कुशीत घेणारीही तीच. धारपांनी नेमकी ती कूसच काढून घेतली.

1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात पुढं दिग्दर्शक झालेल्या राही अनिल बर्वे यांना एका मित्रानं धारपांची ही गोष्ट सांगितली. त्याच वर्षी 9 ऑगस्टला टीव्हीवर रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला. त्याची पहिली कथा 'दस्तक'. रामसेंची भुतं दिवसाउजेडी पाहिली तर हसू येईल, पण रात्री दाराची कडी वाजली की हसू कुठल्या कुठं जायचं. ही आवाजाची ताकद बी. पी. सिंह यांनी बरोबर हेरली. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' करणाऱ्या या माणसानं 1995 मध्ये 'आहट' आणली. मालिकेचं नावच चाहूल!

बर्वे यांच्या डोक्यात मात्र ती आजी तशीच राहिली. 12 ऑक्टोबर 2018 रोजी त्यांचा 'तुंबाड' हा चित्रपट आला. त्यातही धाकटा भाऊ जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते, आणि थोरला विनायक साखळदंडातल्या म्हातारीजवळ एकटा उरतो. गाव बदललं, भाषा बदलली, हस्तर नावाचा शापित देव आला. पण आईला घराबाहेर काढायची किंगची युक्ती शाबूत राहिली. सप्टेंबर 2024 मध्ये चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला.

ती भयंकर म्हातारी कुणा ज्येष्ठ अभिनेत्रीनं केलेली नाही. पुढं विनायकाचा मुलगा पांडुरंग म्हणून दिसणारा मोहम्मद समद हा पोरगाच रंगभूषेखाली आजी होऊन बसला आहे.