अँटिऑक्सिडंट ताटातून घ्या

शिरूर आणि दौंडच्या शिवारात कांदा पिकतो, डाळिंब पिकतं, ऊसही पिकतो. पेशींची झीज करणाऱ्या रेणूंना आवर घालणारे घटक म्हणजे अँटिऑक्सिडंट. ते कांद्यात आहेत, डाळिंबात आहेत. मग ते गोळीतून कशाला? ते ताटातून घ्यावेत.

कुणी म्हणेल, गोळीत तेच असतं, शिवाय जास्त असतं. पण जास्त म्हणजे चांगलंच, असं नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या काही वर्षं दिल्या. 1994 साली निष्कर्ष आले. फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नव्हता. उलट वाढला होता. फळाचं तसं नाही. फळात एकटा घटक नसतो. चोथा, पाणी, जीवनसत्त्वं सगळं एकत्र पोटात जातं.

मग दौंडच्या गुऱ्हाळांतला गूळ? त्यातही हे घटक थोडे असतात, हे खरं. पण गूळ मुख्यतः साखरच आहे. मधुमेह असणाऱ्यांनी तो औषध समजून खाऊ नये. कांदा मात्र रोज खाण्याजोगा. त्यातलं क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट बाहेरच्या थरांत जास्त असतं. म्हणून वरचं कोरडं साल तेवढं काढा. त्याखालचा रसाळ थर फेकू नका. डाळिंबाचा रस गाळण्यापेक्षा दाणे चावून खा. पुन्हा सांगतो, गोळीतून नव्हे, ताटातून. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.