गंगाधर कोण होणार?



नोव्हेंबर 2024 मध्ये मुकेश खन्ना यांनी शक्तिमानचा पोशाख पुन्हा अंगावर चढवला आणि आपला नायक परत येतोय असं जाहीर केलं. तेव्हा ते 66 वर्षांचे होते. आमच्या चारठाण्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती, तरी स्टँडवरच्या हॉटेलात उमेदवारांपेक्षा जास्त भांडण शक्तिमानवरून झालं. भांडणारे कोण, तर पस्तीस-चाळिशीचे बाप्ये. एक मास्तर, एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, एक टेलर आणि माझा भाचा. 13 सप्टेंबर 1997 ला दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हा ही सगळी मंडळी आठ-दहा वर्षांची होती.

पक्ष दोन. एक म्हणतो, खन्नांशिवाय शक्तिमान नाही. दुसरा म्हणतो, आता उडायचं वय राहिलं का? 2022 मध्ये सोनी पिक्चर्सनं शक्तिमानवर चित्रपट काढायचं जाहीर केलं होतं. पुढं रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं आणि ते आपल्याला मान्य नाही, हे खन्नांनी 2024 मध्ये उघड सांगितलं. त्यामुळं दुसऱ्या पक्षाला उमेदवारही मिळालेला होता.

हे वेड आपल्याकडचंच आहे असं नाही. अमेरिकेत 'एक्स-मेन' नावाची महानायकांची कार्टून मालिका 1992 ते 1997 चालली. 2024 मध्ये ती 'एक्स-मेन 97' या नावानं परतली. जुनी गोष्ट जिथं थांबली तिथूनच पुढं निघाली आणि आवाजही बरेचसे जुन्याच कलाकारांचे ठेवले. तिकडच्या चाळिशीतल्या मंडळींना तेच हवं होतं. चित्राला सुरकुत्या पडत नाहीत, ही कार्टूनची सोय. आमच्या शक्तिमानची कार्टून मालिकाही 2011 मध्ये निघाली होती, पण हॉटेलातल्या एकालाही ती आठवत नाही. त्यांच्या डोक्यात माणसाचा चेहरा बसलाय, आणि चेहरा म्हातारा होतो.

माझं स्वतःचं वय 'शक्तिमान'च्या वेळी शक्तिमानचं नव्हतं. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि बहादूर होते. तो बहादूर 1976 मध्ये आबिद सुरतींनी घडवला, हे मला फार उशिरा कळलं आणि उगाचच छाती फुगली. 'शक्तिमान' मी मुलांच्या मागं उभा राहून बघितलं. गल्लीत टीव्ही मोजके. रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला पोरं दाराच्या उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीनं बसायची. नेमकी वीज गेली, की सगळी एका सुरात किल्विशचं ते अंधार कायम राहू दे वालं वाक्य ओरडायची. लाइनमनला तर त्या काळात दुसरं नावच नव्हतं. कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचा. मालिका संपली, की गरगर फिरत घरातल्या कापसाच्या ढिगावर उड्या. आया धास्तावलेल्या असायच्या, आणि ते खोटं नव्हतं. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं जीव धोक्यात घालतात, अशा बातम्या तेव्हा पेपरात येत. त्यावरून वाद झाले. नक्कल करू नका, असं खन्नांना पडद्यावरून मुलांना सांगावं लागलं.

पण मला त्या मालिकेत खरा माणूस वाटायचा तो गंगाधर. दात पुढं आलेला, जाड चष्म्याचा, स्वतःचं भलंमोठं नाव दम लागेपर्यंत सांगणारा, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. ज्याला सगळे हसतात त्याच्या आत शक्तिमान आहे, ही गोष्ट खेड्यातल्या पोराच्या कामाची होती. उडता कुणालाच येणार नव्हतं. हसण्यावारी जाणं मात्र रोजचंच होतं.

हॉटेलातला टेलर आमच्या गल्लीतलाच, मुसलमानाचा पोरगा. लहानपणीच जाड भिंगांचा चष्मा लागला. आधी त्याला पोरं काय काय म्हणायची ते इथं सांगत नाही. 1997 नंतर त्याचं नाव पडलं गंगाधर. तो स्वतः मिरवायचा ते नाव. आजही परगावचं गिऱ्हाईक गंगाधर टेलरचं दुकान विचारत येतं आणि आत दाढीवाला माणूस बघून घोटाळतं. मला हा घोटाळा ओळखीचा आहे. घरात आमची दखनी, कागदावर माझी मराठी. अम्मी म्हणायची, 'इत्ता मराठी काइकू लिखता रे?' आणि कविसंमेलनात कविता झाल्यावर लोक जवळ येऊन विचारायचे, हे टोपणनाव का? खरं नाव काय तुमचं?

एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शननं 'शक्तिमान' पुन्हा दाखवायला घेतलं. ते दिवस चांगले नव्हते. रोगापेक्षा अफवा जास्त फिरत होत्या, आणि आमच्या दारावरून जाताना ओळखीची माणसंही रस्त्याची पलीकडची कड धरत होती. टेलर दुकान बंद करून घरात बसलेला. एका दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या माळवदावरून मास्तराची हाक आली, 'ए गंगाधर, लाव टीव्ही, लागलंय!' हा चष्मा सावरत माळवदावर गेला. दोघांचं काय बोलणं झालं ते मला खाली नीट ऐकू आलं नाही. पुढं मात्र रोज, मालिका संपली की दोन माळवदांवरून आजचा भाग कसा होता याची तावातावानं चर्चा चालायची. कॅमेऱ्याच्या करामती किती कच्च्या होत्या, हे दोघांनाही तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. दोघांनी ते माफ केलं.

म्हणून 2024 च्या त्या भांडणात मी एकच विचारलं. पोशाख कुणी घालायचा यावर तुम्ही तास घालवला, गंगाधर कोण करणार ते कुणी बोललंच नाही. टेलर चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, 'चाचा, उडायला कुणी जवान घ्या. गंगाधर खन्नाच करतील. म्हाताऱ्याला चष्मा शोभतोय की.' मास्तरानं लगेच मान डोलावली. रणवीरवाल्यांना पण ते पटलं, फक्त माझा भाचा अडून बसलाय. त्याचं म्हणणं, दोघं वेगळे केले तर मग तो शक्तिमान कसला?