आधी बॅटरी, मग कंट्रोलर



सौरऊर्जेवर भाषणं पुष्कळ होतात आणि त्यातली बहुतेक पॅनेलभोवती फिरतात. आज मी बोलणार आहे ते पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये भिंतीवर बसणाऱ्या एका लहान पेटीबद्दल, म्हणजे चार्ज कंट्रोलरबद्दल. माझं सांगणं थोडक्यात असं : ज्या घरापर्यंत वीजमंडळाची तार पोचलेली नाही, त्या घराचा कंट्रोलर बॅटरीकडे बघून निवडायचा असतो. आपल्याकडे तो पॅनेलकडे बघून, आणि बरेचदा उरलेल्या पैशांत घेतला जातो. त्याची किंमत बॅटरी मोजते.

अशी घरं आता उरलीत कुठे, असं कुणी विचारेल. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधल्या लायसांग गावात वीज पोचली आणि देशातलं शेवटचं गाव उजळल्याचं जाहीर झालं. पण सरकारी व्याख्येप्रमाणे गावातली सार्वजनिक ठिकाणं आणि किमान 10 टक्के घरं जोडली गेली की गाव विद्युतीकृत ठरतं. गावापासून दूर डोंगरात विखुरलेले पाडे, रानातली वस्ती, शेतावरचं घर यांचा हिशेब त्या आकड्यात दिसत नाही. आजचं बोलणं त्या घरांसाठी आहे. शहरात गच्चीवर नेट मीटरिंगची सोलर बसवलेल्यांना बॅटरी नसते, म्हणून कंट्रोलरही लागत नाही. मात्र लाइन गेली की त्यांची यंत्रणाही थांबते, हे त्यांनी ध्यानात ठेवावं.

आता मुद्द्याकडे येतो. बारा व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं 36 सेलचं पॅनेल प्रत्यक्षात साधारण 18 व्होल्टवर सर्वांत जास्त काम करतं, आणि काहीही न जोडता उन्हात ठेवलं तर 21–22 व्होल्ट दाखवतं. बॅटरीला एवढा दाब सोसत नाही. सरळ जोडली तर पाणी उकळल्यासारखं उडतं, प्लेटा खराब होतात. म्हणून मधे कंट्रोलर लागतो. पण जास्त चार्जिंग रोखणं एवढंच त्याचं काम नाही. बॅटरी पूर्ण भरवणं हे त्याचं त्याहून मोठं काम आहे.

आपल्या घरांत असते ती ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी तीन टप्प्यांत भरते. पहिल्या टप्प्यात मिळेल तेवढा करंट घेते. व्होल्टेज साधारण 14.4 ला पोचलं की दुसरा टप्पा : व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि करंट हळूहळू उतरू द्यायचा. तिसऱ्यात 13.6 च्या आसपास नुसतं टिकवून धरायचं. हंडा भरत आला की आपण नळ बारीक करतो, तसा हा दुसरा टप्पा आहे, आणि त्याला वेळ लागतो. स्वस्त कंट्रोलर 14.4 दिसताच हात आखडता घेतो. दिवा हिरवा होतो, घरच्यांना वाटतं बॅटरी भरली. हायड्रोमीटर घालून पाहा : भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीतल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी 1.240 च्या जवळ यायला हवी. बॅटरी रोज अर्धवटच भरली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरीची ताकद कायमची उतरते. पावसाळ्यात ऊन आधीच कमी, त्यात असा कंट्रोलर असला की दसऱ्यापर्यंत बॅटरी थकलेली असते. दोष मात्र बॅटरीच्या कंपनीला दिला जातो.

दुसरी गोष्ट तापमानाची. हे 14.4 व्होल्ट 25 अंशांचे आहेत. बॅटरी जसजशी तापेल तसं चार्जिंगचं व्होल्टेज उतरवावं लागतं : बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी दर अंशाला साधारण 18 ते 30 मिलिव्होल्ट. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात बॅटरी 40 अंशांवर गेली, तर 14.4 च्या जागी जवळपास 14 व्होल्टच पुरतात. हे न जमणारा कंट्रोलर उन्हाळाभर बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर पिऊन टाकतो. म्हणून घेताना पहिला प्रश्न विचारा : याला बॅटरीला चिकटवायचा तापमानाचा सेन्सर येतो का? दुसरा प्रश्न : बॅटरीचा प्रकार आणि व्होल्टेज मला स्वतः बदलता येतं का? उद्या तुम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतलीत, तर तिला अशी तापमानाची दुरुस्ती नको असते, आणि लेड-ॲसिडला अधूनमधून देतात ते इक्वलायझेशनचं जादा व्होल्टेज तर अजिबात नको. सेटिंग बदलता न येणारा कंट्रोलर नव्या बॅटरीचा घात करील.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न : पीडब्ल्यूएम की एमपीपीटी? पीडब्ल्यूएम पॅनेलला थेट बॅटरीशी जोडतो आणि हवं तेव्हा तोडतो, त्यामुळे पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर यावं लागतं. एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर ठेवतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. विक्रेते सांगतात, एमपीपीटीने 30 टक्के वीज वाढते. ते कधी खरं असतं, कधी नसतं. आपल्या उन्हात पॅनेलचे सेल 65 अंशांपर्यंत तापतात. तेवढ्या उष्णतेत 18 व्होल्टचं पॅनेल 15 च्या आसपास उतरतं. बॅटरी 14 वर असेल तर मिळवण्यासारखं उरतंच किती? छोट्या घरात 36 सेलचं एखादं पॅनेल आणि बारा व्होल्टची बॅटरी असेल, तर चांगल्या प्रतीचा पीडब्ल्यूएम घ्या आणि वाचलेले पैसे जाड केबलवर खर्च करा.

चित्र बदलतं ते मोठ्या पॅनेलमुळे. बाजारात सहज मिळतात ती 72 सेलची पॅनेल. समजा 330 वॉटचं आहे : साधारण 37.5 व्होल्ट आणि 8.8 अँपियर. ते पीडब्ल्यूएमने बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडलं, तर 8.8 अँपियर गुणिले 13 व्होल्ट, म्हणजे जेमतेम 114 वॉट हाती येतात. दोन तृतीयांश पॅनेल फुकट गेलं. इथे एमपीपीटीला पर्याय नाही.

एक हिशेब सगळ्यांसमोर मांडतो. शेतावरचं घर आहे. नऊ वॉटचे पाच दिवे पाच तास : 225 वॉट-तास. तीस वॉटचे दोन बीएलडीसी पंखे दहा तास : 600. टीव्ही तीन तास : 150. मोबाइल आणि किरकोळ : 125. एकूण 1100 वॉट-तास. वाटेतली गळती धरून पॅनेलकडून सुमारे 1450 हवेत. उन्हाळ्यात चार-साडेचार तासांचं भरपूर ऊन धरलं तर साडेतीनशे वॉट पुरतील, पण घर पावसाळ्यातही राहायचं असतं. म्हणून 330 ची दोन, म्हणजे 660 वॉट. बॅटऱ्या 150 अँपियर-तासाच्या दोन, सीरिजमध्ये, 24 व्होल्ट. त्यांत 3600 वॉट-तास मावतात; निम्मेच वापरायचे ठरवलं तरी दीड दिवस निघतो. आता कंट्रोलर : 660 भागिले 24 म्हणजे साडेसत्तावीस अँपियर, त्यावर पाव भाग जास्त धरा, साधारण 34. म्हणजे 40 अँपियरचा एमपीपीटी. या क्रमात कंट्रोलर शेवटी येतो, पण बजेटमध्ये त्याची रक्कम पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवायची.

अँपियरइतकंच व्होल्टेज बघा. पॅनेलच्या मागच्या लेबलवर व्हीओसी, म्हणजे काहीही न जोडता दिसणारं व्होल्टेज, हा आकडा असतो. या पॅनेलचा तो 46 धरू. दोन सीरिजमध्ये 92 झाले. शंभर व्होल्टचा कंट्रोलर पुरेल असं वाटतं. पण थंडीत पॅनेलचं व्होल्टेज चढतं, दर अंशाला साधारण 0.3 टक्के. निफाडकडे पहाटे पारा 5 अंशांवर उतरतो, म्हणजे लेबलवरच्या 25 पेक्षा 20 अंश खाली. मग 92 चे साडेसत्त्याण्णव होतात. एवढ्या काठावर कुणी चालू नये. करंट जास्त झाला तर चांगला कंट्रोलर स्वतःला आवरतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं तर तो जळतो, आणि वॉरंटीही मिळत नाही. इथे 150 व्होल्टचाच घ्यावा. आणि दोन पॅनेल पॅरलल जोडली तर? तापलेल्या दुपारी व्होल्टेज 31 पर्यंत उतरतं, आणि 24 व्होल्टची बॅटरी भरताना तिला 28.8 हवे असतात. कंट्रोलरला काम करायला जागाच उरत नाही. म्हणून सीरिज.

आता फसवणुकीबद्दल बोललंच पाहिजे. आत साधा पीडब्ल्यूएम आणि वर एमपीपीटीचं लेबल, असे कंट्रोलर राजरोस विकले जातात. ते ओळखायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर पुरे. बॅटरी थोडी उतरलेली असताना, भर उन्हात, आधी पॅनेलच्या वायरवर मीटर लावा, मग बॅटरीच्या. पॅनेलकडून 37 व्होल्टवर 7 अँपियर येत असतील, तर 26 व्होल्टच्या बॅटरीकडे 9–10 अँपियर गेले पाहिजेत. दोन्हीकडे 7 च दिसले तर पेटीवर काहीही छापलेलं असो, ती एमपीपीटी नाही. दुकानदाराला हे आधीच सांगून ठेवा. खरा माल विकणारा त्याला हरकत घेणार नाही.

बसवतानाच्या काही गोष्टी भराभर सांगतो. आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. मधे डीसीचाच एमसीबी हवा, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. इन्व्हर्टर थेट बॅटरीला, कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला कधीच नाही. कंट्रोलर बॅटरीजवळ पण तिच्या डोक्यावर नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन आणि ॲसिडची वाफ वर येते. रानातल्या घरात पंख्याच्या झडपांतून पाली आणि मुंग्या शिरतात; तिथे पंख्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पंखांनी थंड होणारा बरा. समुद्राजवळ टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावा आणि पावसाळ्यानंतर स्क्रू पुन्हा आवळा.

शेवटी एक विनंती. डोंगरातल्या पाड्यांवर सोलर बसवून देणाऱ्या संस्था आणि दाते आज इथे असतील. उद्घाटनाच्या फोटोत पॅनेल येतं, कंट्रोलर येत नाही. तरीही तुमच्या देणगीतली बॅटरी दोन वर्षं चालणार की सहा, ते बरंचसं त्या पेटीवर ठरतं. म्हणून मागणीपत्रात कंट्रोलरचं व्होल्टेज, अँपियर, तापमानाचा सेन्सर आणि बदलता येणारी सेटिंग हे चारही मुद्दे लिहा. पाड्यावरच्या दोघा-तिघांना, त्यात एक तरी बाई असू द्या, हायड्रोमीटर आणि क्लॅम्प मीटर हाताळायला शिकवा आणि ती दोन्ही साधनं पाड्यावरच ठेवून या. वीज वापरणाऱ्याला ती मोजता आली, तर बिघाड बॅटरी मरण्याआधी कळतो. एवढं आपण सर्वांनी करावं, अशी मी कळकळीने विनंती करतो.