आईचे आजारपण आणि माझी काळजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आईच्या आजारपणात धीर कसा धरला, यावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. खरे सांगायचे तर धीर मी धरलाच नाही, आईने धरला. व्याख्यान देणे मला येत नाही. घडले तसे सांगते.

माझी आई कऱ्हाडजवळच्या खेड्यातली. मशेरी लावायची सवय तिला लहानपणापासूनची. २०२३ च्या पावसाळ्यात तिच्या गालाच्या आतल्या बाजूस जखम झाली. हळद लावून तिने दोन महिने अंगावर काढले. गौरीला मी माहेरी गेले, तेव्हा ती भाकरी दुधात कुस्करून खाताना दिसली आणि माझ्या काळजात चर्र झाले. तिला चेंबूरला घेऊन आले. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचे गं?" एवढेच ती वाटेत विचारीत होती.

परळच्या टाटा रुग्णालयात जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. दादाने, वहिनीने आणि मी ठरविले की, आईला हे नाव कळू द्यायचे नाही. तिच्यापुढे हसायचे, आणि रडू आले की मोरीत जाऊन नळ सोडायचा. रात्री मी दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना, ते पाहत असे. दिवसा मात्र तीच काळजी माझ्या तोंडातून रागाने बाहेर पडे. वाटीत पेज उरली की मी आईवर ओरडे. हे सांगायची मला आजही लाज वाटते.

एके दिवशी मी म्हटले, "खाल्ले नाहीस तर..." आणि थांबले. आईच म्हणाली, "तर मरेन, असेच ना? अगं, टाटाला माणसे कशाला जातात, हे आमच्या गावात शेरडे राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्ही तिघे हसता ना, त्याचीच मला जास्त भीती वाटते."

त्या दिवशी आम्ही दोघी एकत्र रडलो. पुढच्या खेपेस आई स्वतः डॉक्टरांशी बोलली. आम्ही नातवाची एक जुनी वही घेतली. रात्री जी शंका छळेल ती त्यात लिहायची आणि सकाळी विचारायची. आईच्या शंका माझ्याहून साध्या होत्या : तोंड उघडेल का, भाकरी खाता येईल का, खर्च किती. माझ्या मनात मात्र नुसती भुते होती. वहीत लिहायला बसले की त्यांतली निम्मी लिहिण्याजोगीच नसत.

आधी शस्त्रक्रिया झाली, मग तीस शेक. शनिवार-रविवार सोडून सहा आठवडे, कुर्ल्याला गाडी बदलून आम्ही रोज परळला जात होतो. तोंड सोलवटेल, कोरडे पडेल, चव जाईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. त्यामुळे तसे झाले तेव्हा आजार वाढला असे वाटले नाही. मऊ भात, ताक, गार केलेली खीर आणि मीठ-सोड्याच्या गुळण्या, यांवर ते दिवस काढले.

बाकावर शेजारी बसणाऱ्या एक बाई दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरल्या होत्या. घरची मुले दूर गावी, नवरा आजारी. तरी आईसाठी त्या जागा धरून ठेवीत. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, आणि त्यांच्या घराण्याच्या ट्रस्टने १९४१ साली हे रुग्णालय उघडले, ही हकिकत त्यांनीच आम्हांला सांगितली. आई म्हणाली, "म्हणजे एवढ्या श्रीमंताघरीसुद्धा हे आले होते!" तिला त्यातून कसला दिलासा मिळाला कोण जाणे, पण मिळाला खरा.

आता एक बोचलेली गोष्ट. या दिवसांत एका घरी आईला चहा वेगळ्या कपात मिळाला, आणि मुलांना तिच्याजवळून उठविले. नाव घेत नाही, रागही उरला नाही. पण कॅन्सर शिवण्याने किंवा उष्ट्याने लागत नाही. बाहेरून यंत्राने शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरणही निघत नाहीत. आपल्या जवळच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा शेकाचे 'भाभाट्रॉन' नावाचे यंत्र तयार केले आहे. तिथे नोकरी करणारी मंडळी आपल्या आळीत आहेत, त्यांना खुशाल विचारा. डॉक्टरांना विचारून आई तर नातवाला रोज मांडीवर घेत होती.

अजून तपासणीला जावे लागते. आदल्या रात्री मला झोप येत नाही. आई घोरत असते. मी उठवलेच तर म्हणते, "वहीत लिही आणि झोप."

मशेरी तिने सोडली. आपल्यापैकी ज्या लावतात त्यांनीही सोडावी. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवून घ्यावी. एकटीने जायची भीती वाटली, तर मला हाक मारा. मंगळवारी दुपारी मी मंडळात असते. परळची वाट मला पाठ आहे.