चिकटपट्टी आणि कुरडईचा चीक



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. माफ करा, मी एका जुन्या कागदावर बोलणार आहे.

धान निघालं की आपल्याकडे मंडई, शंकरपट आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटकं. वैनगंगेपलीकडच्या वडशाच्या मंडळ्या यायच्या, भिंती पोस्टरांनी भरून जायच्या. माझे बाबा हौशी नट. त्यांचं नाव छापलेलं एक पोस्टर आमच्या पेटीत होतं. दहावीच्या सुट्टीत ते घडीवर फाटलेलं दिसलं आणि मी पुढून-मागून चिकटपट्टी लावली. बाबा म्हणाले, "झाली माझी पोरगी इंजिनेर!"

बाबा गेल्यावर पेटी उघडली. पट्टी सुकून सुटली होती, पण तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरला होता. मी लॅमिनेशन करायला निघाले होते. पुण्यात जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका ताईंनी अडवलं. ते प्लास्टिक उष्णतेनं कागदाला कायमचं चिकटतं, म्हणाल्या.

त्यांनी आधी फोटो काढले, मऊ ब्रशनं धूळ झाडली. प्रत्येक रंगावर पाण्याचा एक थेंब ठेवून टिपकागदानं टिपला. लाल शाई सुटली, म्हणून पोस्टर धुवायचं रद्द. गोंद हळूहळू काढला, डाग थोडा राहिलाच. फाटलेल्या जागी मागून तुतीच्या सालीचा पातळ जपानी कागद लावला आणि वजनाखाली वाळवला. चिकटवायला काय, तर गव्हाच्या सत्त्वाची खळ! आपल्या आया कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात, त्याचंच हे शुद्ध रूप. ही खळ ओलाव्यानं पुन्हा सुटते. उद्या कुणाला अधिक चांगला उपाय सापडला, तर आजचं काम काढता येतं. ऑफिसात आम्ही जुनी प्रत जपल्याशिवाय एक ओळ बदलत नाही. पंधराव्या वर्षी हे मला कुठं ठाऊक होतं?

पट्टीबरोबर बाबांच्या नावाची दोन अक्षरं निघून गेली. मी म्हटलं, "नाव मला माहीत आहे, लिहून टाका." ताई म्हणाल्या, "मग पुढच्या माणसाला छापलेलं कुठलं आणि लिहिलेलं कुठलं, ते कळणार नाही." तिथं कागदाच्याच रंगाचा कोरा तुकडा बसवला. वाईट वाटलं, पण पटलं.

बाबूराव पेंटरांच्या 1924 सालच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर टिकलं, म्हणून आज आपण ते पाहू शकतो. आपल्या नाटकांची बहुतेक पोस्टरं भिंतींवरच पावसात गेली. उरली असतील ती तुमच्या-माझ्या पेट्यांत. सापडली तर घडी जोर लावून उघडू नका. टेप नको, लॅमिनेशन नको. फोटो काढा आणि कोरड्या जागी, उन्हापासून दूर, सपाट ठेवा.

आणि तेच पोस्टर कुणाच्या घरी निघालं, तर मला नक्की कळवा. ती दोन अक्षरं मला छापलेली बघायची आहेत.