ढकलण्याच्या भाराचे माप



मुंबईतील मशीद बंदर, कोलकात्यातील बडाबाजार, दिल्लीतील खारी बावली. या बाजारपेठांतील कितीतरी माल आजही हातगाडीवरून हलतो. परंतु गाडी ढकलणाऱ्या श्रमिकाच्या शरीराने किती ताण सोसावा, हा प्रश्न कायद्याने जवळजवळ अनुत्तरितच ठेवला आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली कमाल वजनाविषयीचा 127 क्रमांकाचा करार संमत केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलो हा आकडा आहे. पण ज्या वाहतुकीत संपूर्ण भार एकाच कामगाराच्या अंगावर येतो, तिलाच हा करार लागू होतो. गाडीचा भार चाके पेलतात. सबब ढकलणारा व्याख्येबाहेर! आपल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या 34 व्या कलमात 'हलविणे' हा शब्द होता खरा, परंतु तो कारखान्याच्या फाटकाशीच थांबला.

वास्तविक ढकलण्याच्या कामात मालाचे वजन हे खरे माप नव्हेच. खरे माप म्हणजे लावावा लागणारा जोर. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेच्या 2004 च्या मार्गदर्शिकेत पुरुषासाठी गाडी सुरू करताना वा थांबविताना 20 किलो आणि चालती ठेवताना 10 किलो जोर धरला आहे. स्त्रीसाठी 15 व 7. सपाट रस्ता आणि निगा राखलेली चाके असल्यास एकूण वजनाच्या किमान 2 टक्के, खडबडीत जमिनीवर गाडी सुरू करताना 10 टक्क्यांपर्यंत जोर लागतो, असा तिचा हिशेब आहे. 600 किलोंची भरलेली गाडी घ्या. चांगल्या रस्त्यावर 12 किलो. दोघांना सहज झेपेल. उखडलेल्या रस्त्यावर गाडी सुरू करताना 60, म्हणजे प्रत्येकी 30, मर्यादेच्या दीडपट. विसास एक असा पुलाचा चढ लागला की आणखी 30 किलोंची भर. माल तोच, माणसे तीच.

व्यापारी म्हणतात, गाडी जास्त भरतो तो कामगारच. मजुरी नगावर ठेवावयाची, दर इतका तुटपुंजा की दोन खेपांचा माल एका खेपेत नेल्यावाचून चूल पेटू नये, आणि याला स्वेच्छा म्हणावयाचे!

महाराष्ट्रात 1969 च्या माथाडी कायद्याने नोंदणी व मंडळे यांची चौकट दिली. तेथे हा प्रश्न मांडता येईल. इतरत्र युनियनलाच पुढाकार घ्यावा लागेल. त्यासाठी प्रयोगशाळा नको. गाडीच्या दांडीला स्प्रिंगचा काटा अडकवून ती ओढावी. पहिल्या हिसक्याचा आणि चालत्या गाडीचा आकडा वेगवेगळा लिहावा. गोदामाच्या दारात, खराब रस्त्यावर, चढावर अशा तिन्ही ठिकाणी नोंद घ्यावी. चाकांची दुरुस्ती, चढावर जादा माणूस आणि नगाच्या दरात वाढ या मागण्यांसोबत तो कागद वाटाघाटीच्या टेबलावर ठेवावा.