किल्ली कोणाकडे?

श्रोतेहो, कारभार एकाकडे आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, अशी वाटणी पुष्कळ घरांत असते. १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेने असेच केले आहे. आपले पंतप्रधान संसदेत बसतात. तिथला अध्यक्ष काँग्रेसचा, म्हणजे त्यांच्या संसदेचा, सभासदच नसतो. सरसेनापती तो; पण युद्ध पुकारण्याचा आणि खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार काँग्रेसचा. काँग्रेसचं विधेयक तो नाकारू शकतो. मात्र दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केलं, की त्याचा नकार संपला.

आता असं पाहा. व्हिएतनाममध्ये युद्ध रीतसर न पुकारताच ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. तेव्हा १९७३ साली काँग्रेसने कायदा केला: सैन्य लढाईत धाडलं, तर ४८ तासांत कळवा, आमची संमती नसेल, तर ६० दिवसांनी लढाई थांबवा. अध्यक्ष निक्सन यांनी तो नाकारला. काँग्रेसने दोन-तृतीयांश मतांनी त्यांचा नकार मोडून काढला.

तरीही २०११ साली लिबियातले हल्ले ६० दिवसांपलीकडे चालले. कायद्यातली लढाई ही नव्हेच, असा अर्थ ओबामांच्या सरकारने लावला.

तेव्हा मंडळी, किल्ली नुसती कमरेला असून भागत नाही. वेळेवर कुलूप लावायची हिंमतही लागते.